काडतूस भरणीचे टेबल : तराजूची निवड आणि मांडणी

वापरलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकून न देता तिच्यात नवे प्रायमर, नवी दारू आणि नवी गोळी बसवून ती पुन्हा वापरणे, यास रीलोडिंग म्हणतात. कॅनडातील अनेक शिकारी व नेमबाज हे काम घरीच करतात. तेजस्विनी सावंत आणि स्वप्निल कुसळे यांच्यामुळे मराठी वाचकांना परिचित झालेल्या ५० मीटर रायफल प्रकारात .२२ रिमफायर काडतूस वापरतात. त्यातील ठिणगीचे द्रव्य पुंगळीच्या काठातच असल्याने ते सहसा पुन्हा भरले जात नाही. रीलोडिंग होते ते प्रामुख्याने सेंटरफायर काडतुसांचे.

ग्रेनचा हिशेब

दारूचे वजन ‘ग्रेन’ या एककात करतात. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात. ब्रिटिश अमदानीतील प्रमाणित तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा होता. रीलोडिंगच्या तराजूने मात्र ०.१ ग्रेन, म्हणजे साधारण ६.५ मिलिग्रॅमचा फरक दाखवणे अपेक्षित असते. दारू प्रमाणाबाहेर भरली गेल्यास बंदूक फुटून नेमबाजाचे डोळे वा हात जाऊ शकतात. म्हणूनच या टेबलावर तराजूचे स्थान पहिले.

दांडीचा की डिजिटल?

दांडीच्या तराजूस वीज लागत नाही. चुंबकाच्या योगे त्याची दांडी लवकर स्थिरावते आणि नीट सांभाळल्यास तो वर्षानुवर्षे टिकतो. मात्र त्याचा वेग कमी. डिजिटल काटा झटपट वजन दाखवतो, परंतु तापमानातील बदल, वाऱ्याची झुळूक आणि स्थिर विद्युत यांनी तो विचलित होतो. कॅनडातील हिवाळ्यात तळघरातील कोरडी हवा आणि हीटिंगच्या झरोक्यातून येणारा झोत ही दोन्ही कारणे एकत्र येतात. म्हणून डिजिटल काटा झरोक्यापासून दूर ठेवावा व वापरापूर्वी काही काळ सुरू ठेवून स्थिरावू द्यावा.

पडद्यावर दिसणारे दशांश म्हणजे अचूकता नव्हे. कोणताही तराजू घेतला तरी प्रमाणित वजनांचा संच सोबत घ्यावा. भरायच्या दारूच्या वजनाजवळचे प्रमाणित वजन कामाच्या आरंभी, मध्ये आणि अखेरीस तोलून पाहावे. फरक आढळल्यास आधीच्या तपासणीनंतर भरलेली सर्व काडतुसे बाजूला काढावीत.

टेबलाची मांडणी

टेबल जड, समतल आणि शक्यतो भिंतीस पक्के केलेले असावे. प्रेसच्या दांड्याचे हादरे पोहोचू नयेत यासाठी तराजू वेगळ्या फळीवर, डोळ्यांच्या पातळीजवळ ठेवावा. टेबलावर एका वेळी एकच दारू असावी, तीही मूळ डब्यात. काम संपताच उरलेली दारू त्याच डब्यात परत करावी. तळघरातील भट्टी, वॉटर हीटर, ठिणगी वा सिगारेट यांपासून दारू व प्रायमर दूर ठेवावीत.

एकाच पुंगळीत दोनदा दारू पडणे ही चूक तराजू पकडू शकत नाही. तीवर उपाय मांडणीचाच: रिकाम्या पुंगळ्या डावीकडे, भरलेल्या उजवीकडे, छिद्रांच्या पाटीत उभ्या. गोळ्या बसवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत विजेरीचा प्रकाश टाकून दारूची पातळी सारखी असल्याची खात्री करावी. दारूचे प्रमाण उत्पादकाच्या प्रकाशित पुस्तिकेतूनच घ्यावे आणि सुरुवात तेथील किमान आकड्यापासून करावी. कामाच्या वेळी चष्मा घालावा, टेबलापाशी खाऊ-पिऊ नये, काम झाल्यावर शिशाचा अंश राहू नये म्हणून हात धुवावेत.

कायद्याची चौकट

कॅनडात स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरण्याची मुभा संघीय स्फोटक नियमांनी दिली आहे. ती विक्रीसाठी नाही. दारूसाठ्याची मर्यादा घराच्या प्रकारानुसार बदलते. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी ती आधी तपासावी. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार दारूगोळा बनवण्यास आणि बाळगण्यासही परवाना आवश्यक आहे. रेंजवर नेलेल्या पिशवीत राहून गेलेले एक जिवंत काडतूसही मुंबईच्या विमानतळावर गुन्हा दाखल होण्यास पुरेसे ठरू शकते. मायदेशी निघताना तीच पिशवी घेत असल्यास तिचा प्रत्येक कप्पा रिकामा करून पाहावा.