दौंडमधील मालमत्ता एजंट आणि ‘प्रॉम्प्ट’ : मजकूर यंत्राचा, जबाबदारी एजंटची

भीमा नदीच्या काठी वसलेले दौंड हे पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती या चारही दिशांना लोहमार्ग जाणारे मोठे जंक्शन. रेल्वे, राज्य राखीव पोलीस बलाचे गट आणि कुरकुंभची औद्योगिक वसाहत यांमुळे येथे नोकरदारांची ये-जा कायम असते. भाड्याच्या खोलीपासून पुणे-सोलापूर महामार्गालगतच्या प्लॉटपर्यंत नाना प्रकारचे व्यवहार येथील मालमत्ता एजंटांच्या हातून होतात. जाहिरात लिहिणे, ग्राहकांच्या चौकशांना उत्तरे देणे, भाडेकराराचे मुद्दे काढणे, कागदपत्रांची यादी बनविणे हे त्यांचे रोजचे काम. या लेखनकामासाठी चॅटजीपीटी, जेमिनाय यांसारखी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता मोबाईलवर उपलब्ध आहेत. त्यांचा उपयोग कोठे करावा आणि कोठे थांबावे, याची ही माहिती.

प्रॉम्प्ट म्हणजे काय?

यंत्राला लिहून वा बोलून दिलेली सूचना म्हणजे प्रॉम्प्ट. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी खुले झाल्यानंतर हा शब्द सर्वतोमुखी झाला. अशी साधने अफाट मजकुरावरून शिकलेली असतात आणि वाक्याला पुढे शोभेल असा मजकूर रचतात. त्यामुळे भाषा सफाईदार येते, पण माहिती खरी असेलच असे नाही. दौंडमधील एखाद्या गटाचा मालक कोण, त्यावर बोजा आहे का, हे यंत्राला ठाऊक नसते. तरीही ते आत्मविश्वासाने उत्तर देऊ शकते. म्हणून प्रॉम्प्टमध्ये खात्रीची माहिती एजंटाने स्वतः पुरवावी आणि यंत्राकडून केवळ मांडणी करून घ्यावी, हा पहिला नियम.

जाहिरातीचा मजकूर

‘दौंडमधील प्लॉटची आकर्षक जाहिरात लिही’ एवढेच सांगितले, तर यंत्र प्रशस्त रस्ते, चोवीस तास पाणी आणि दुप्पट परतावा हे सारे स्वतःच्या पदरचे घालण्याची शक्यता असते. त्याऐवजी सूचना अशी देता येईल : ‘खाली दिलेल्या माहितीवरूनच मराठीत ऐंशी शब्दांची जाहिरात लिही. क्षेत्र, दर, स्थानकापासूनचे अंतर यांत बदल करू नकोस. भाव वाढण्याची हमी, “क्लिअर टायटल” किंवा “बँक कर्ज उपलब्ध” असे शब्द वापरू नकोस. जी माहिती दिलेली नाही, ती शेवटी प्रश्नांच्या स्वरूपात मला विचार.’ या शेवटच्या वाक्याचा मोठा उपयोग होतो. पाणीजोड, रस्त्याची रुंदी, बिगरशेती आदेश यांपैकी काय राहिले आहे, ते जाहिरातीपूर्वीच ध्यानात येते.

हीच काळजी छायाचित्रांबाबतही घ्यावी. मोकळ्या माळावर यंत्राने काढलेली झाडे, कमान आणि डांबरी रस्ता दाखविल्यास ग्राहकाची दिशाभूल होते.

आर आणि गुंठा

सातबारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटरमध्ये असते, तर व्यवहाराची बोली गुंठ्यांत चालते. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात सुमारे १०१.१७ चौरस मीटर. दोन्ही जवळजवळ सारखे असल्याने बोलण्यात ते एकच धरले जातात. मात्र, ४० आर म्हणजे सुमारे ४३,०५६ चौरस फूट आणि ४० गुंठे, म्हणजे पूर्ण एकर, ४३,५६० चौरस फूट. फरक सुमारे ५०४ चौरस फुटांचा, जवळजवळ अर्ध्या गुंठ्याचा. दर गुंठ्याला लाखांत असेल, तर ही चूक किरकोळ राहत नाही. यंत्राकडून रूपांतर करून घेताना ‘आर आणि गुंठा एक समजू नकोस, आकडेमोड पायरीपायरीने दाखव’ असे सांगावे आणि उत्तर कॅल्क्युलेटरवर पुन्हा पडताळावे.

उतारा समजावून घेण्यासाठीही प्रॉम्प्ट उपयोगी पडतो. भोगवटादार वर्ग १ व वर्ग २ यांतील फरक, फेरफार क्रमांक कशासाठी असतो, ‘इतर हक्क’ या रकान्यात काय पाहावे, हे नवख्या ग्राहकाला सोप्या भाषेत सांगणारे टिपण यंत्र तयार करून देते. प्रत्यक्ष नोंद मात्र महसूल विभागाच्या संकेतस्थळावरील डिजिटल स्वाक्षरीच्या उताऱ्यावर आणि गरज पडल्यास तलाठी कार्यालयातच पाहावी लागते.

कायद्याच्या प्रश्नांवर सावधगिरी

यंत्राचे उत्तर जुने असण्याचा धोका येथे सर्वाधिक आहे. तुकडेबंदीचा मूळ कायदा १९४७ चा. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यातील बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीचे किमान क्षेत्र २० गुंठे व बागायतीचे १० गुंठे ठरविण्यात आले. २०२५ मध्ये निवासी क्षेत्रांतील लहान तुकड्यांबाबत हे निर्बंध शिथिल करण्यात आले. दौंड तालुक्याचा काही भाग ‘पीएमआरडीए’च्या हद्दीत येतो. त्या प्राधिकरणाचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रारूप विकास आराखडा २०२५ मध्ये रद्द झाला. जुन्या मजकुरावर शिकलेले यंत्र या गोष्टी कालच्या स्थितीनुसार सांगू शकते. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला घेता येते का, हा प्रश्न १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ शी निगडित आहे. अशा वेळी वकिलाला विचारायच्या प्रश्नांची यादी यंत्राकडून घ्यावी, उत्तर वकिलाकडूनच घ्यावे.

नियामकाची नजर

स्थावर संपदा कायदा २०१६ चा. ‘महारेरा’ २०१७ पासून कार्यरत आहे. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल किंवा सदनिका आठपेक्षा अधिक नसतील, तर नोंदणीतून सूट आहे; त्यापुढील प्रकल्पाला साधारणपणे नोंदणी बंधनकारक आहे. प्लॉट पाडून होणारी विक्रीही त्यात येते. कलम १० नुसार एजंटाला नोंदणी नसलेल्या प्रकल्पाची विक्री घडवून आणता येत नाही आणि सेवा वा सुविधांविषयी खोटे विधान करता येत नाही. भंग झाल्यास कलम ६२ नुसार दररोज दहा हजार रुपये, एकूण मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड, तर १ जानेवारी २०२४ पासून एजंटांना परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. ‘ते वाक्य यंत्राने लिहिले’ हा बचाव या तरतुदींत कोठेही नाही.

ग्राहकाची माहिती

आधार व पॅन क्रमांक, बँक तपशील, खरेदीखताची प्रत यंत्रात जशीच्या तशी टाकू नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला असून, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. करारनाम्याचा मसुदा हवा असल्यास नावांच्या जागी ‘मालक’, ‘भाडेकरू’ असे लिहून काम भागते.

पाठविण्यापूर्वी तपासा

- क्षेत्र आणि एकक उताऱ्याशी जुळते का?
- नोंदणी क्रमांक ‘महारेरा’च्या संकेतस्थळावर पडताळला का?
- अंतर आणि सुविधा जागेवर जाऊन पाहिल्या आहेत का?
- परताव्याची वा कर्जाची हमी मजकुरात शिरली आहे का?
- कायद्याविषयीचे विधान कोणत्या वर्षाच्या तरतुदीवर आधारलेले आहे?

चौकशीला तत्काळ आणि नीट भाषेत उत्तर मिळणे ही ग्राहकाची सोय आहे, आणि ती साधण्यात ही साधने निश्चितच मदत करतात. परंतु प्लॉट घेणाऱ्या कुटुंबाची बहुधा आयुष्याची बचत त्या एका व्यवहारात गुंतलेली असते. त्यामुळे लिहिण्यात वाचलेला अर्धा तास उतारा तपासण्यात आणि शिवारात जाऊन बांध पाहण्यात घातला, तरच प्रॉम्प्टचा खरा लाभ ग्राहकाच्या पदरात पडेल.