शेवट खरा म्हणून आरंभ खरा?

शेवटची ओळ खरी आली की पहिली ओळ सिद्ध झाली, असा समज शहापूर-मुरबाडकडच्या अकरावी-बारावीच्या मुलांशी बोलताना मला वारंवार आढळतो. दोन धन संख्यांची सरासरी त्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळापेक्षा लहान नसते, हे सिद्ध करायचे असते. मुले तेच पहिल्या ओळीत लिहितात, वर्ग करतात, पदे इकडची तिकडे नेतात आणि (अ − ब)² ≥ ० या ओळीवर थांबतात. झाले सिद्ध!

याच रीतीने −३ हा २ पेक्षा मोठा आहे, हेही ‘सिद्ध’ होईल. वर्ग करा: ९ हा ४ पेक्षा मोठा. शेवट खरा, आरंभ खोटा.

हा पेच जुना आहे. दहाव्या शतकात बगदादच्या इब्राहीम इब्न सिनान यांनी यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. जे हवे ते गृहीत धरून मागे जाणे म्हणजे तहलील. ज्ञात गोष्टीपासून निघून पुन्हा तिथवर येणे म्हणजे तरकीब. पुढे इब्न अल-हैसम यांनीही याच विषयावर लिहिले. तहलीलने वाट सापडते, तरकीबने ती पक्की होते.

आपल्याकडे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) व्यस्तविधी आहे: उत्तरापासून मागे जाताना गुणाकाराचा भागाकार करा, वर्गाचे मूळ काढा, ऋणाचे धन करा. तिथल्या एका उदाहरणात शेवटी २ येतात आणि मागे जात जात मूळ संख्या २८ मिळते. ताळा करून पाहा, जुळतो. मात्र −२८ घेतले तरीही तो जुळतो! मागे जाताना १९६ चे वर्गमूळ काढावे लागते आणि तिथे १४ व −१४ अशा दोन वाटा फुटतात. धन संख्येला दोन मुळे असतात, हे भास्कराचार्यांनीच ‘बीजगणिता’त सांगितले आहे.

मुरबाडच्या वैशाखऱ्याहून नाणेघाट चढणाऱ्याला हे सांगायला नको. कड्यावरून घसरत खाली येता येते. त्याच जागेवरून वर चढता येईलच असे नाही. म्हणून मुलांना मी सांगतो, कच्च्या कागदावर खुशाल उलटे चाला. मग पक्क्या वहीत (अ − ब)² ≥ ० पासून निघा, दोन्हीकडे ४अब मिळवा आणि वर्गमूळ घ्या. संख्या धन आहेत म्हणूनच ही शेवटची पायरी चालते, हेही लिहा.

इतिहासातही हीच गफलत होते. ‘गणित सगळे आमचे’ असे आधी ठरवून कुणी मागे जातो आणि एका खऱ्या गोष्टीवर थांबतो. एकजण लीलावतीवर थांबतो, दुसरा अल-ख्वारिज्मीवर. दोन्ही गोष्टी खऱ्या. त्यांतून दावा मात्र सिद्ध होत नाही. अकबराच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ मध्ये लीलावती फारसीत नेली, ही गोष्ट या दोघांनाही अडचणीची वाटते. ती वगळून केलेली सिद्धता मी मान्य करत नाही, मग ती आमच्या मोहल्ल्यातली असो की शेजारच्या आळीतली.