पितळ व द्रव्याच्या अवस्था

तांबे व जस्त यांच्या मिश्रधातूला पितळ म्हणतात. पितळ तयार करताना घन, द्रव व वायू या द्रव्याच्या तिन्ही अवस्था एकाच मुशीत आढळतात. त्यामुळे पितळेचा इतिहास हा काही अंशी द्रव्याच्या कणांविषयीच्या ज्ञानाचाही इतिहास ठरतो.

भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध असून ‘भाणे’ (भांडे) या शब्दावरून त्याचे नाव पडले, असे एक मत आहे. तेथून लाखनीमार्गे साकोलीकडे व पुढे गोंदिया जिल्ह्यात जाणाऱ्या वनप्रदेशात पळस व कुसुम या वृक्षांवर लाख मिळते. लाख व धातू यांचा एकत्र विचार वैशेषिक दर्शनात आलेला आहे. पाण्याचे द्रवत्व स्वाभाविक, तर तूप, लाख, मेण तसेच शिसे, कथिल, सोने इत्यादींचे द्रवत्व अग्निसंयोगाने येणारे, म्हणजे नैमित्तिक, असे त्यात मानले आहे. मात्र लाख हळूहळू मऊ होत जाते, उलट शुद्ध धातू ठराविक तापमानास वितळतो. धातूतील कणांची मांडणी नियमित व लाखेतील अनियमित असते, हे त्याचे कारण पुष्कळ नंतर कळले.

जस्त सु. ४२०° से.ला वितळते व ९०७° से.ला उकळते, तांबे वितळण्यास मात्र सु. १,०८५° से. तापमान लागते. म्हणून तांब्याच्या रसात जस्त टाकताच त्याचा काही भाग बाष्परूपाने निघून जातो आणि हवेत जळून पांढरा धूर होतो. हा धूर श्वासावाटे शरीरात गेल्यास ओतकाम करणाऱ्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. तो बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. जस्त शेवटी घालणे, ते रसात खाली दाबणे व वर कोळशाचा थर ठेवणे या रीती त्यामुळेच पडल्या.

धातुरूप जस्त सहज मिळू लागण्यापूर्वी जस्ताचे खनिज, कोळसा व तांब्याचे तुकडे बंद मुशीत तापवीत. तांबे घनच राही आणि जस्ताचे बाष्प त्यात शिरे. बाष्प निसटू न देता थंड करून जस्त मिळविण्याची युक्ती उदयपूरजवळील झावर येथे मोठ्या प्रमाणावर वापरात होती. वांग्याच्या आकाराच्या मुशी उलट्या ठेवून बाष्प खाली उतरवीत; १९८३ च्या उत्खननात प्रत्येकी ३६ मुशींच्या भट्ट्या आढळल्या. इंग्लंडमध्ये विल्यम चँपियन यांना अशाच पद्धतीचे एकस्व १७३८ मध्ये मिळाले. वायूचा दाब म्हणजे वेगाने फिरणाऱ्या कणांचे आघात, ही डॅन्येल बेर्नुली यांची मीमांसाही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली, हा योगायोग लक्षणीय आहे. क्लॉसियस (१८५७) व मॅक्सवेल (१८६०) यांनी तिला गणिती रूप दिले.

वायूतील कण फिरतात, हे पटण्यासारखे होते; घनातील कणांविषयी मात्र शंका टिकून राहिली. तिचा निर्णय पितळेनेच केला. कर्कंडॉल व स्मिगेल्स्कस यांनी १९४७ मध्ये पितळेवर मॉलिब्डेनमाच्या तारा ठेवून वर तांब्याचा थर चढविला व नमुना दीर्घकाळ तापविला. तारा आतल्या बाजूस सरकल्या. याचा अर्थ जस्ताचे अणू तांब्याच्या अणूंपेक्षा अधिक वेगाने बाहेर पडत होते; म्हणजे अणू जोडीजोडीने जागा बदलत नसून स्फटिकातील रिक्त जागांमधून सरकत होते. मेल यांच्यासारख्या तज्ज्ञांनी हा निष्कर्ष प्रारंभी स्वीकारला नाही. जस्त निघून गेल्याने पितळेत सूक्ष्म पोकळ्या उरतात. तशाच पोकळ्या इलेक्ट्रॉनीय मंडलांच्या डाख दिलेल्या सांध्यांतही आढळतात व त्यांमुळे सांधे दुर्बळ होतात.