परदेशस्थांची स्थावर खरेदी आणि परकीय चलनाचे कागद (शहापूर–मुरबाड परिसर)

भारताबाहेर राहणारी व्यक्ती भारतात घर, गाळा किंवा भूखंड घेते तेव्हा पैसा कोणाचा, कोणत्या मार्गाने आणि कोणत्या दराने आला हे सिद्ध करणाऱ्या कागदांचा संच. त्यात बँकेचे परकीय चलन आवक प्रमाणपत्र (व्यवहारात ‘एफआयआरसी’) किंवा आवक-सूचना, एनआरई, एनआरओ अथवा एफसीएनआर खात्याचा उतारा, पारपत्र किंवा ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड, पॅन, नोंदलेले खरेदीखत आणि सूची क्रमांक २ हे मुख्य. पैसा देशाबाहेर परत न्यायचा तर सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र आणि आयकराची विवरणे यांची भर पडते.

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर खर्डी आणि कसारा यांच्या मधल्या उंबरमाळीसारख्या गावात या कागदांचा विषय निघावा, याला कारणे आहेत. मुंबई–आग्रा महामार्ग या भागातून जातो. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा, ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, तोही शहापूर तालुक्यातूनच. भातसा, तानसा यांची जलाशये, माळशेजची वाट आणि मुंबईपासूनचे आटोपशीर अंतर यांमुळे शहापूर आणि मुरबाडकडे ‘गावाकडे थोडी जागा’ शोधणारा ग्राहक वळला. दुबई, लंडन किंवा न्यू जर्सीत नोकरी करणारा ठाणे-डोंबिवलीचा मुलगाही त्यात आला.

कायद्याची चौकट. १९७३चा परकीय चलन नियमन कायदा (फेरा) जाऊन १९९९चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा (फेमा) १ जून २००० पासून अमलात आला. स्थावर मालमत्तेची आजची कलमे १७ ऑक्टोबर २०१९च्या बिगर-कर्ज साधने नियमांत आहेत. परदेशात राहणारा भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक यांना रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी न घेता निवासी वा व्यापारी मालमत्ता विकत घेता येते. शेतजमीन, मळ्याची जमीन आणि फार्महाऊस मात्र विकत घेता येत नाही. भारतीय वंशाच्या नसलेल्या आणि भारतात वास्तव्य नसलेल्या परदेशी नागरिकाला खरेदीच बंद आहे. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा तेवढा चालतो. त्याचा जोडीदार अनिवासी भारतीय किंवा ओसीआय असेल, विवाह नोंदलेला असेल आणि त्याला किमान दोन वर्षे झाली असतील, तर दोघांच्या नावे एक मालमत्ता घेता येते. शेतजमीन तिथेही वर्ज्य.

आधी जमिनीचा कागद. जाहिरातीत ‘फार्महाऊस प्लॉट’ हा शब्द दिसला की परदेशस्थ ग्राहकाने तिथेच थांबावे. सातबाऱ्यावर शेती असलेली जागा त्याला घेता येत नाही, मग पैसा कितीही स्वच्छ मार्गाने आलेला असो. सातबारा, आठ अ, जुने फेरफार आणि बिनशेती झाल्याचा पुरावा हातात आल्याशिवाय इसार देणे म्हणजे परकीय चलनाचा प्रश्न स्वतःहून ओढवून घेणे. भोगवटादार वर्ग २चा (हस्तांतरणावर बंधन असलेल्या जमिनीचा) शेरा, कुळाची नोंद, खासगी वनाचा शेरा हे सगळे त्याच उताऱ्यावर वाचायचे असते. महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यास १९४८च्या कुळवहिवाट कायद्याचे कलम ६३ आड येते. वडील शेतकरी म्हणून मुलगाही शेतकरी, या युक्तिवादाने ही अडचण कदाचित दूर होईल, पण फेमाची मनाई तशीच उभी राहते. दोन कायदे, दोन स्वतंत्र कुलपे.

या परिसरात तिसरे कुलूप आहे आणि ते सर्वांत महत्त्वाचे. शहापूर तालुका संपूर्णपणे, तर मुरबाड तालुक्यातील काही गावे, राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात येतात. ठाकूर, महादेव कोळी, वारली आणि कातकरी ही इथली आदिवासी माणसे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ नुसार आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यास ६ जुलै १९७४ पासून बंदी आहे. पाच वर्षांपर्यंतचा पट्टा वा गहाण जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीने होतो, बाकी हस्तांतरणाला राज्य शासनाचीही पूर्वमान्यता लागते. त्याआधीच्या, १ एप्रिल १९५७ पासून झालेल्या, अशा अनेक व्यवहारांतील जमिनी परत देण्यासाठी १९७४चाच स्वतंत्र कायदा आहे. हे कायदे कर्जात आणि फसवणुकीत गेलेल्या जमिनींच्या अनुभवातून आले. परदेशातून बँकेमार्फत आलेला डॉलर ही मनाई पुसत नाही. गावातल्या एखाद्या आदिवासी गड्याच्या नावावर जमीन घेऊन ठेवू असा सल्ला मिळतो, तेव्हा तो सल्ला त्या गड्याच्या लेकरांच्या तोंडचा घास काढणारा असतो, हे खरेदीदाराने ओळखावे. शिवाय पैसा एकाचा आणि नाव दुसऱ्याचे असा व्यवहार १९८८च्या बेनामी व्यवहार कायद्यात (२०१६च्या कडक दुरुस्तीसह) सापडतो.

पैशाचा कागद. किंमत चुकवण्याचे मार्ग ठरलेले आहेत : परदेशातून बँकेमार्फत थेट पाठवलेली रक्कम, किंवा एनआरई, एफसीएनआर वा एनआरओ खात्यातील पैसा. प्रवासी धनादेश आणि परकीय नोटा चालत नाहीत. सुट्टीत आलेल्या मुलाने खिशातले डॉलर मालकाच्या हातावर ठेवून ‘इसार’ केला, तर साठेखतावर रुपयांत काहीही लिहिले तरी तो भाग नियमात बसत नाही. एनआरई खात्यात परदेशातली कमाई रुपयांत, तर एफसीएनआर ठेवीत परकीय चलनात राहते आणि मुक्तपणे बाहेर नेता येते. एनआरओ खात्यात इथले भाडे, व्याज, वडिलोपार्जित मालमत्तेच्या विक्रीची रक्कम जमा होते. खरेदी कोणत्या खात्यातून झाली यावर पुढच्या विक्रीचे भवितव्य ठरते, म्हणून इथे थोडे सविस्तर.

घर विकल्यावर मूळ खरेदीसाठी आलेले परकीय चलन परत नेता येते, पण निवासी मालमत्तेबाबत ही सोय दोनच घरांपुरती आहे. मर्यादा मोजण्याची बँकांमधली रूढ पद्धत अशी : पैसा थेट बाहेरून किंवा एफसीएनआरमधून आला असेल तर जेवढे परकीय चलन दिले तेवढे, एनआरईमधून दिला असेल तर दिलेल्या रुपयांची, पैसे दिल्याच्या दिवशीच्या दराने होणारी परकीय चलनातील किंमत. समजा, डॉलर ४५ रुपयांना असताना एनआरईमधून ४५ लाख रुपये दिले. परत नेता येण्याजोगी रक्कम १ लाख डॉलर. पुढे डॉलर ८५ रुपयांवर गेला आणि घर ९० लाखांना विकले, तरी हा आकडा १ लाख डॉलरच. त्याला ८५ लाख रुपये लागतील. उरलेले ५ लाख एनआरओ खात्यात जातील. पैसे दिल्याच्या दिवसाचा दर दाखवणारा बँकेचा कागद हरवला तर हा हिशेब मांडताच येत नाही आणि सगळी रक्कम एनआरओच्या वाटेने न्यावी लागते. एनआरओमधून एका आर्थिक वर्षात, म्हणजे एप्रिल ते मार्च, १० लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, कर भरल्याच्या पुराव्यासह. शहापूरच्या एका घराला ही मर्यादा पुरून उरते हे खरे, पण कागद जमवण्याचा त्रास वेगळाच. खरेदीखताच्या पोटात प्रत्येक हप्त्याची तारीख, बँक, खात्याचा प्रकार आणि व्यवहार क्रमांक लिहून घेणे हा त्यावरचा उत्तम उपाय. बँकेची आणि दुय्यम निबंधकाकडची फाइल मग एकमेकींची साक्ष देतात.

मुखत्यार. खरेदीदार परदेशात आणि सही शहापुरात, म्हणून कुलमुखत्यारपत्र येते. नोंदणी कायद्याच्या (१९०८) कलम ३३ प्रमाणे ते तिथल्या नोटरीसमोर, न्यायाधीशासमोर किंवा भारतीय वकिलातीतील अधिकाऱ्यासमोर झालेले हवे. राज्यात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. ही मुदत अनेकांच्या ध्यानातच नसते. मुखत्यारपत्रात ‘पैसे स्वीकारणे’ आणि ‘खाते चालवणे’ हे अधिकार सरसकट देऊ नयेत. काका-मामा विश्वासाचे असले तरी विक्रीची रक्कम मालकाच्याच खात्यात पडली पाहिजे, अन्यथा ती बाहेर पाठवताना बँक तिचा माग विचारते.

गोव्याचा दाखला. परदेशी नागरिकांच्या खरेदीवर महाराष्ट्राच्या शेजारी सर्वाधिक वाद झाला तो गोव्यात. पर्यटक म्हणून आलेल्यांनी किनाऱ्यावर घरे घेतली आणि पुढे फेमाखाली चौकशा सुरू झाल्या. वादाचा गाभा १८२ दिवसांचा होता. आदल्या आर्थिक वर्षात त्याहून जास्त दिवस भारतात राहिले, की आपण ‘निवासी’ झालो, असे अनेकांना वाटले. कायदा मात्र दिवसांबरोबर येण्याचा हेतूही पाहतो : नोकरी, व्यवसाय किंवा अनिश्चित काळ राहण्याचा इरादा. पर्यटक व्हिसावर तो इरादा दाखवणे अवघड. उल्लंघन ठरल्यास फेमाच्या कलम १३ खाली गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

उलट दिशेची वाटही आहे. भारतात राहणाऱ्या नागरिकाला उदारीकृत प्रेषण योजनेतून वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवून परदेशात घर घेता येते. २००४मध्ये ही योजना २५,००० डॉलरवर सुरू झाली. २०१३मध्ये रुपया घसरला तेव्हा मर्यादा ७५,००० डॉलरवर आणून घरखरेदी काही काळ थांबवलीही होती.

वारसाची जमीन. या तालुक्यांत परदेशस्थाचा जमिनीशी संबंध खरेदीपेक्षा वारसाने अधिक येतो. वडिलांची शेती वारसाने मिळण्यास फेमाची आडकाठी नाही. ओसीआय झालेल्या मुलीचेही नाव वारस फेरफाराने सातबाऱ्यावर चढते. बक्षीसपत्राने शेतजमीन घेता येत नाही, हा फरक लक्षात ठेवावा. विकायची झाल्यास ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. आयकर कायद्याप्रमाणे अनिवासी विक्रेत्याच्या रकमेतून खरेदीदाराने कर कापायचा असतो. मात्र नगरहद्दीपासून ठरावीक अंतराबाहेरची ग्रामीण शेतजमीन भांडवली मत्ता मानली जात नाही. हे अंतर लोकसंख्येनुसार दोन, सहा किंवा आठ किलोमीटर. त्यामुळे उंबरमाळीच्या शिवारातल्या एखाद्या तुकड्याच्या विक्रीत तहसीलदाराकडचा अंतराचा दाखला, वारस फेरफार आणि मृत्यूचा दाखला हे तीन कागद बँकेच्या टेबलावर डॉलरच्या दराइतकेच मोलाचे ठरतात.