बैठक ते स्क्वॉट : एका व्यायामक्रियेचा इतिहास आणि तिच्यातील शारीरिक अडचणी

प्रस्तावना

'दंड-बैठक' हा जोडशब्द मराठी भाषेत व्यायामाचाच पर्याय होऊन बसला आहे. तथापि मुलुंडसारख्या उपनगरातील आधुनिक व्यायामशाळेत जाणाऱ्या विद्यार्थ्याला आज बैठकेऐवजी 'स्क्वॉट' शिकविला जातो. गुडघे व खुबे वाकवून खाली बसणे आणि पुन्हा उभे राहणे, एवढ्यापुरत्या या दोन्ही क्रिया सारख्या आहेत. त्यांचे हेतू, भार आणि तंत्र मात्र भिन्न आहेत. हा भेद दुर्लक्षिल्यामुळे शिकणाऱ्यास अनेक शारीरिक अडचणी येतात आणि दोष विनाकारण गुडघ्याला दिला जातो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

आखाड्यातील बैठक

आखाड्यातील बैठकेत खाली जाताना टाचा उचलल्या जातात, गुडघे मोकळेपणाने पुढे येतात आणि मांड्या पोटऱ्यांना टेकतात. हातांच्या झोक्याने शरीराचा तोल व लय सांभाळली जाते. येथे भर वजनापेक्षा आवर्तनांच्या संख्येवर आणि दमावर असतो, कारण कुस्तीत मल्लाला दीर्घकाळ टिकाव धरावा लागतो. भाराचा वापर अगदीच अज्ञात होता असे मात्र नाही. बैठका मारताना गामा पहिलवान वापरत असलेले सुमारे ९५ किलो वजनाचे कडे पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेत जतन केलेले आहे. परंतु असा भार वर्षानुवर्षांच्या मेहनतीनंतर आणि वस्तादांच्या देखरेखीखालीच घेतला जात असे.

विसाव्या शतकात ही परंपरा आखाड्यातून संस्थांमध्ये आली. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकप्रसंगी त्याच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. बडोद्यात द. चिं. मुजुमदार यांनी दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' संपादित करून या विद्येला ग्रंथरूप दिले. गुरुमुखातून चालत आलेली विद्या अशा रीतीने छापील पानावर आली.

पाश्चात्य प्रभाव

याच काळात पाश्चात्य शरीरसौष्ठवाची ओळख होत होती. युजेन सँडो याने १९०४-०५ मध्ये भारताचा दौरा केला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनीही सूर्यनमस्काराचे व्रत घेण्यापूर्वी सुमारे दहा वर्षे सँडोच्या पद्धतीने व्यायाम केला होता. लक्षणीय बाब अशी की, त्या सुमारास पाश्चात्य देशांतही टाचा उचलूनच खाली बसण्याचा व्यायाम रूढ होता. १९२१ साली अमेरिकेत गेलेल्या हेन्री स्टाइनबॉर्न या जर्मन मल्लाने टाचा जमिनीवर ठेवून, खांद्यांवर जड बारबेल घेऊन खोल बसण्याची रीत तेथे प्रसिद्धीस आणली. पुढे १९७२ साली आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघ स्थापन झाला आणि स्क्वॉट ही स्वतंत्र स्पर्धात्मक उचल ठरली. तिच्या नियमानुसार खुब्याजवळील मांडीची वरची बाजू गुडघ्याच्या माथ्यापेक्षा खाली जावी लागते. येथे कसोटी संख्येची नसून एकाच आवर्तनात उचललेल्या वजनाची असते.

गुडघ्याविषयीचा वाद

१९६१ साली टेक्सास विद्यापीठाचे कार्ल क्लाइन यांनी खोल स्क्वॉटमुळे गुडघ्याचे अस्थिबंध सैल होतात, असा निष्कर्ष मांडला. तेव्हापासून 'पूर्ण बसू नका' हा उपदेश दूरवर पसरला. चँडलर व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये केलेल्या आठ आठवड्यांच्या अभ्यासात मात्र गुडघ्याच्या स्थैर्यावर असा विपरीत परिणाम आढळला नाही.

'गुडघा पायाच्या बोटांपुढे नेऊ नका' ही दुसरी प्रचलित सूचना. फ्राय व सहकाऱ्यांनी २००३ साली सात अनुभवी व्यायामपटूंवर तिची परीक्षा घेतली. शरीराच्या वजनाइतका भार असताना गुडघे पुढे जाण्यास अटकाव केल्यावर गुडघ्यावरील घूर्णबल १५०.१ वरून ११७.३ न्यूटन-मीटरवर आले. खुब्यावरील घूर्णबल मात्र २८.२ वरून ३०२.७ झाले. अर्थात, गुडघ्याचा वाचलेला ताण नाहीसा होत नाही. तो खुब्याकडे आणि कमरेकडे वळतो.

शारीरिक अडचणी

नवशिक्याची पहिली अडचण बहुधा घोट्यात असते. घोटा पुरेसा वाकत नसल्यास टाच उचलली जाते किंवा धड पुढे झुकते. बैठकेत उचललेली टाच हा तंत्राचा भाग आहे. खांद्यावर बारबेल असताना मात्र तीच टाच तोल बिघडविते. मांडीचे हाड लांब असणाऱ्यास अधिक झुकावे लागते. हा त्याच्या शरीररचनेचा धर्म आहे, आळस नव्हे. फार खोल जाताना कंबर गोल होत असेल, तर तेथेच खोलीची मर्यादा मानावी. पाट, चटई आणि जमिनीवरील पंगत यांची जागा खुर्चीने घेतल्यामुळे उकिडवे बसण्याचा सरावही नागर जीवनातून ओसरला आहे. म्हणूनच पूर्वी घरातच अंगवळणी पडणारी हालचाल आज व्यायामशाळेत नव्याने शिकावी लागते.

निष्कर्ष

बैठक आणि स्क्वॉट यांपैकी एक शास्त्रीय व दुसरी अशास्त्रीय, असा निवाडा इतिहासाला धरून होत नाही. पहिली क्रिया हलक्या भाराच्या दीर्घ आवर्तनांसाठी घडली, दुसरी जड भाराच्या मोजक्या आवर्तनांसाठी. वस्तादांच्या परंपरेतून घ्यावयाचे ते तंत्र जसेच्या तसे नव्हे, तर क्रम : आधी विनाभार हालचाल, मग संख्या, शेवटी वजन. महाविद्यालयीन जिमखान्यात विद्यार्थ्याच्या खांद्यावर बारबेल ठेवण्यापूर्वी त्याला टाचा टेकवून स्वस्थपणे खाली बसता येते काय, एवढे पाहिले तरी पुढील अनेक दुखापती टळू शकतील.