फेटाळलेल्या दाव्यापुढची वाट : अमेरिकेतील अपंगत्व भत्ता आणि अपील

अमेरिकेत १९३५ साली सोशल सिक्युरिटी कायदा झाला, तेव्हा त्यात वृद्धांसाठी निवृत्तिवेतन होते. अपंग कामगारांसाठी काही नव्हते. दावा फेटाळला गेल्यास दाद मागण्याची यंत्रणा १९४० मध्ये उभी राहिली, तीही निवृत्तिवेतन आणि वारसांच्या लाभांपुरती. आयझेनहॉवर यांच्या सहीने १९५६ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या अपंग कामगारांना भत्ता मंजूर झाला. १९६० मध्ये वयाची ती अट गेली आणि अपिलांचे स्वरूपच पालटले. वय जन्मनोंदीवरून ठरते. दुखऱ्या पाठीने माणूस किती वेळ बसू शकेल, हे कागदावरून ठरत नाही.

पहिला निर्णय मात्र कागदावरूनच होतो आणि तो राज्याचे कार्यालय घेते. नकार आल्यास आधी पुनर्विचार, मग प्रशासकीय न्यायाधीशापुढे सुनावणी, नंतर अपील परिषद आणि शेवटी संघीय जिल्हा न्यायालय. प्रत्येक पायरीसाठी साठ दिवसांची मुदत असते. दावेदार आणि निर्णय देणारा सहसा समोरासमोर येतात ते सुनावणीतच. या वाटेवरची खरी पायरी तीच.

चालू भत्ता बंद करायचा, तर सुनावणी आधी की नंतर? व्हर्जिनियातील एल्ड्रिज नावाच्या कामगाराचा भत्ता १९७२ मध्ये बंद झाला. घरावर जप्ती आली, सामान उचलले गेले, कुटुंबाला एकाच पलंगावर झोपावे लागले. तरीही १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनावणी नंतर झाली तरी चालेल, असा निकाल दिला. घराच्या या हालांची नोंद सापडते ती न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या विरोधी मतात.

या निकालाची किंमत पाच वर्षांनी कळली. १९८० च्या दुरुस्तीने भत्तेधारकांची फेरतपासणी सक्तीची केली होती. रेगन सरकारने १९८१ पासून ती झपाट्याने राबवली. सुमारे चार लाख नव्वद हजार लोकांचे भत्ते बंद झाले आणि त्यांपैकी सुमारे दोन लाखांचे अपिलात पुन्हा सुरू झाले. इतके निर्णय उलटतात, तेव्हा दोष दावेदारांत शोधण्यात अर्थ नसतो. सढळ हाताने दावे मंजूर करणाऱ्या न्यायाधीशांच्या निकालांची वेगळी छाननी सुरू झाली, तर अनेक राज्यांनी भत्ते बंद करण्याचेच थांबवले. १९८३ च्या आरंभी काँग्रेसने सुनावणीपर्यंत भत्ता चालू ठेवण्याची तात्पुरती मुभा दिली. एल्ड्रिजला न्यायालयाने नाकारले होते ते हेच. १९८४ चा सुधारणा कायदा तर दोन्ही सभागृहांत एकही विरोधी मत न पडता संमत झाला. प्रकृती सुधारल्याचा पुरावा असल्याखेरीज भत्ता सहसा बंद करता येणार नाही, असे त्याने ठरवले.

नव्या दाव्यांची अडचण वेगळी. १९६७ च्या दुरुस्तीनुसार दावेदाराला जमेल असे काम देशात पुरेशा संख्येने असले की पुरे. ते त्याच्या गावाजवळ असण्याची किंवा कोणी त्याला नोकरीवर घेण्याची गरज नाही. म्हणून सुनावणीत न्यायाधीश व्यवसायतज्ज्ञाला विचारतात : दहा पौंडांहून जड काही न उचलणारा, बसूनच काम करू शकणारा माणूस काय करू शकेल? उत्तर ज्या सरकारी व्यवसायकोशातून येई, त्याची शेवटची सुधारणा १९९१ मधली. लिफाफ्यांवर पत्ते लिहिणे, वृत्तपत्रांची कात्रणे चिकटवणे, मायक्रोफिल्मसाठी कागद लावणे, अशी कामे त्यात होती. जून २०२४ मध्ये सोशल सिक्युरिटी प्रशासनाने कोशातील ११४ कामांच्या आधारे दावे फेटाळणे बंद केले. पत्तेलेखनासारखी आणखी काही कामे वापरात राहिली. मात्र ती आजही पुरेशा संख्येने उपलब्ध आहेत, याचा वेगळा पुरावा आता द्यावा लागतो.