सोळा कुठून आला?

अपघातात डावा हात गमावलेला 32 वर्षांचा सुतार. वकील न लावता मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासाठी स्वतःच अर्ज लिहायला बसतो आणि एका रकान्यापाशी अडतो: किती रक्कम मागता? दवाखान्याची बिलं बेरजेत बसतात. पुढच्या कमाईचं काय? तिथे त्याला 16 हा आकडा लागतो. वर्षाला जेवढी कमाई बुडते, तिला 16 ने गुणायचं. कोर्टात याला मल्टिप्लायर म्हणतात, मराठीत गुणक.

या गुणकाचं कूळ जमिनीच्या व्यवहारातलं. इंग्लंडमध्ये जमिनीचा भाव वर्षांत बोलत, वीस वर्षांचं उत्पन्न, पंचवीस वर्षांचं. माणसाच्या जिवाला मात्र तिथल्या कोर्टात असा भाव नव्हता. 1808 च्या एका खटल्यात घोडागाडी उलटून जखमी झालेली बायको महिन्याभराने वारली. तिच्या नवऱ्याला तिच्या सहवासाची भरपाई मिळाली, पण ती तिच्या मृत्यूच्या क्षणापर्यंतचीच. जखमी केलं तर पैसे, जीव घेतला तर काही नाही, हा न्याय आजही वाचवत नाही. रेल्वेच्या जमान्यात, 1846 मध्ये, तिथे कायदा बदलला. बोरीबंदर-ठाणे गाडी धावली 1853 ला, आणि 1855 मध्ये तसाच कायदा आपल्याकडे आला. रक्कम काढायची कशी, हे मात्र त्यात नव्हतं.

ती रीत लॉर्ड राइट यांनी 1942 मध्ये कोळसा खाणीतल्या मृत्यूंच्या खटल्यात घालून दिली. मजुरी घ्या, मृताचा स्वतःचा खर्च वजा करा, उरेल त्याला वर्षांनी गुणा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये सुसम्मा थॉमस खटल्यात हीच रीत उचलून धरली. तरी जो तो आपापला गुणक लावत राहिला. 2009 मध्ये सरला वर्मा निकालाने तक्ताच दिला: 15 ते 25 वयाला 18, 31 ते 35 ला 16, उतरत उतरत 66 ते 70 ला 5. सुतार अजून पंचवीसेक वर्षं राबला असता, मग 16 च का? कारण पैसे आज एकरकमी हातात येतात आणि आयुष्याची शाश्वती कुणालाच नसते.

तक्ता मृत्यूच्या दाव्यातला, पण तो जखमींनाही लागू होतो. त्यांच्या दाव्यात स्वतःच्या खर्चाची वजावट नसते, माणूस जिवंत आहे, जेवतो आहे. सर्वोच्च न्यायालयाचा राजकुमार खटल्यातला निकाल मला यातला सर्वांत माणुसकीचा वाटतो. डावा हात गेल्यावर डॉक्टर 60 टक्के अपंगत्व लिहितील. सरकारी कारकुनाची नोकरी तरीही टिकू शकते, ड्रायव्हरची किंवा सुताराची मात्र जवळजवळ सगळी कमाई जाते. म्हणून दाखल्यातला टक्का तसाच उतरवू नये. आपलं काम काय होतं, त्यातलं आता काय जमत नाही, हे अर्जात सविस्तर लिहावं.

समजा, महिन्याची कमाई 15,000. वर्षाचे 1,80,000, त्यात पुढच्या वाढीचे 40 टक्के धरून 2,52,000. गुणिले 16. रकान्यात 40,32,000 लिहिताना हात कचरतो, एवढं मागावं का असं वाटतं. भीतीपोटी कमी लिहिलं, तरी सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या नागप्पा निकालानुसार न्यायाधिकरण मागितल्यापेक्षा जास्त, न्याय्य तेवढी रक्कम देऊ शकतं.